टीप लिहा : निर्वसाहतीकरण

माझा इतिहास राहिला होता. बाकीचे विषय पहिल्याच खेपेला निघाले, इंग्रजीसुद्धा रडतरखडत निघाली, पण इतिहास काही निघेना. आमच्याकडे विषयात कोणी पास-नापास होत नाही, विषय निघतो किंवा राहतो. आमच्या घरचे म्हणायचे, अख्ख्या गावाचा इतिहास धरणात राहिला, त्यात तुझ्या एकटीच्या इतिहासाचं काय घेऊन बसलीस. ते गंमत करायचे, पण मला तेव्हा गंमत सुचत नव्हती.

मी अंगणवाडीत मदतनीस होते. मदतनीस म्हणजे पोरांना घरोघरून गोळा करायचं, पाणी भरायचं, खिचडी शिजवायची, भांडी घासायची आणि सेविकाबाई रजेवर असल्या की त्यांचंही सगळं काम करायचं, फक्त सही करायची नाही. आमच्या सेविकाबाई त्या उन्हाळ्यानंतर निवृत्त होणार होत्या. मदतनीस बारावी झालेली असेल तर तिला त्यांच्या जागी घेणार, नाहीतर जागा बाहेरून भरणार, असं वरून सांगितलं होतं. म्हणजे ज्या पोरांची नाकं मी पुसली, त्यांच्यापुढे दुसरीच कोणी खुर्ची टाकून बसणार आणि मी तिच्या हाताखाली पुन्हा कढई घासणार. हे मला चालणार नव्हतं. मी तसं घरी सांगितलं, सेविकाबाईंनाही सांगितलं. माझा मुलगा तेव्हा नववीत होता. त्यानं विचारलं, या खेपेलाही राहिला तर? मी म्हटलं, तर पुन्हा बसेन. तुझ्या बाजूच्या बाकावर बसावं लागलं तरी बसेन. 

आता आमच्या वसाहतीचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्या एका शब्दावरून झालं.

मी लग्न होऊन आले ती जुन्या गावात. गावाला नाव होतं, नदी होती, नदीकाठी वांग्या-मिरच्यांच्या वाड्या होत्या, इकडे मारुतीचं देऊळ आणि तिकडे आमचा विहार होता. मग धरण आलं आणि आम्हाला आर्णीकडच्या रस्त्यालगत माळावर प्लॉट मिळाले. नव्या जागेला नाव मिळालं नाही, नंबर मिळाला. पुनर्वसन वसाहत क्रमांक दोन. एस.टी.चा कंडक्टर 'चला, वसाहतवाले उतरा' म्हणतो. लग्नाच्या पत्रिकेवर 'मुक्काम वसाहत' छापतात. सोयरिकीला आलेला माणूस विचारतो, कोणती वसाहत, एक की दोन? इथे जन्मलेल्या पोरांना तर गाव आणि वसाहत हे दोन वेगळे शब्द आहेत हेच शाळेत गेल्यावर कळतं.

दुसरा शब्द म्हणजे अठरा नागरी सुविधा. गाव उठवलं की नव्या जागी रस्ता, नळ, शाळा, स्मशानभूमी, गुरांचा हौद, गटार, वीज अशा अठरा गोष्टी करून द्यायच्या असतात. आमच्याकडे ग्रामसभेत तेच, मोर्च्यात तेच, पंगतीला बसलेल्या बाप्यांच्या तोंडीही तेच. बाकीच्या गावांतली पोरं बे एके बे म्हणत मोठी होतात, आमची अठरा नागरी सुविधा मोजत मोठी होतात.

बारावीचा इतिहास म्हणजे जगाचा इतिहास. आपल्याकडचे राजे खालच्या वर्गांतच भेटून जातात, बारावीत पोर्तुगीज, डच, फ्रेंच आणि दोन महायुद्धं. मी बाहेरून बसलेली, मला शिकवणारं कोणी नव्हतं. शेजारची पोरगी आर्णीच्या कॉलेजात जायची, तिचं गाईड मी दुपारी आणायची आणि विहाराच्या ओट्यावर बसून वाचायची. तिचीही परिस्थिती माझ्याहून फार बरी नव्हती. तासावर नेमलेले तिचे सर मधेच दुसरीकडे लागले होते. जाताना सांगून गेले, की शेवटच्या धड्यांवर फारसं येत नाही. आम्ही त्यांच्यावर विश्वास ठेवून ते धडे सोडले. वसाहतवाद मात्र मी घोकला होता. व्याख्या तोंडपाठ होती. पण खरं सांगते, त्यातला 'वाद' मला नळावरच्या वादासारखा वाटायचा आणि त्या वसाहतीचा आपल्या वसाहतीशी काही संबंध असेल असं एकदाही मनात आलं नाही. पाठांतर अंगाला लागत नाही, ते तोंडातच राहतं.

पेपरच्या दिवशी आम्ही तिघी वसाहतीतून एकाच एस.टी.नं आर्णीला गेलो. मी, शेजारची पोरगी आणि आमच्या मागच्या घरांच्या ओळीत राहणारी तिची मैत्रीण. ती मैत्रीण माझ्याशी फारशी बोलायची नाही, काकूसारख्या बाईबरोबर परीक्षेला जायची तिला लाज वाटत असावी. केंद्रावर तिघींचे नंबर तीन वेगळ्या खोल्यांत लागले. माझ्या खोलीत माझ्या वयाचं कोणीच नव्हतं. पर्यवेक्षक मॅडमनी मला आधी पालक समजून बाहेर जायला सांगितलं. मी हॉलतिकीट दाखवलं आणि बसले.

पेपर बरा गेला. जोड्या जमल्या, कारणं अर्धीमुर्धी जमली. मग टिपा आल्या. कोणत्याही दोन लिहा, एकेकीला तीन मार्क. चारपैकी तीन नावं मला परग्रहावरची वाटली आणि चौथं होतं निर्वसाहतीकरण. ते वाचून मी पदर सावरून बसले. निर् म्हणजे नसणं, हे व्याकरणात केलं होतं. आणि वसाहतीबद्दल मला कोण शिकवणार? मी लिहिलं, की निर्वसाहतीकरण म्हणजे वसाहत मोडणे. अठरा नागरी सुविधा न मिळाल्यामुळे लोक वसाहत सोडून जुन्या गावाकडे किंवा शहराकडे जातात, त्याला निर्वसाहतीकरण असे म्हणतात. पुढे पाण्याचं लिहिलं, स्मशानभूमीचं लिहिलं, पावसाळ्यात मयत झालं की काय हाल होतात तेही लिहिलं. अख्ख्या पेपरात मनापासून लिहिलेलं तेवढंच होतं. दुसरी टीप मी ठोकून दिली.

बाहेर आलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. केंद्रासमोर कडुनिंबाखाली रसवंती होती आणि पेपर जुळवायची सगळ्यांची जागा तीच. पोरं मोटारसायकलच्या सीटवर प्रश्नपत्रिका पसरतात, ज्याचा अभ्यास चांगला तो पेन्सिल घेऊन उभा राहतो आणि बाकीचे सभोवती कोंडाळं करतात. ज्याचं जुळलं तो मोठ्यानं बोलतो, ज्याचं चुकलं तो रस प्यायला सरकतो. शेजारची पोरगी म्हणाली, काकू, तुम्ही नका जुळवू, उगाच जिवाला घोर लागते. पण माझा जीव आधीच घोरात होता. एस.टी.लाही वेळ होता. मी त्या पोरांच्या कोंडाळ्यात शिरले.

पेन्सिलवाला आर्णीचाच होता, चष्मा लावलेला, वर्गात पहिला येणारा. मला पाहून थोडा बिचकला, पण पोरगा सज्जन होता, माझीही उत्तरं इमानदारीनं जुळवू लागला. एका मार्काची बरीच बरोबर निघाली. मी मनातल्या मनात बेरीज करत होते. कारणांमध्ये एक गेलं, एक राहिलं. मग टिपांवर आलो आणि तो म्हणाला, निर्वसाहतीकरण सोपं होतं, गुलाम देश स्वतंत्र होणं, बस. भारत, इंडोनेशिया, आफ्रिकेतले देश.

मी म्हटलं, असं कसं? वसाहतीतून लोक जातात ते नाही का?

तो समजावू लागला, की इथे वसाहत म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातला देश. मोठा देश येतो, राज्य करतो, आणि मग एक दिवस त्याला निघून जावं लागतं. कोंडाळ्यात कोणीतरी हसलं.  एवढं मनापासून लिहिलेलं पान फुकट गेलं होतं. तेवढ्यात माझ्या मागून शेजारची पोरगी बोलली. 

"म्हंजे तिथं लोकं जाग्यावरच राह्यले अन् सरकार उठून गेलं?"

"हो," तो म्हणाला.

"आपल्याकडे तं उलटं झालं मंग."

आता कोणी हसलं नाही. मी तिच्याकडे वळून पाहिलं. तिचा चेहरा पाहून मला समजायचं ते समजलं. तू काय लिहिलंस, मी विचारलं. तिनं सांगितलं. वसाहत मोडणे, अठरा नागरी सुविधा, पाणी, स्मशानभूमी. मग आम्ही दोघींनी त्या मैत्रिणीकडे पाहिलं. ती रसाच्या ग्लासात तोंड घालून उभी होती. तिनं ग्लास खाली केला आणि म्हणाली, मीनं बी तेच लिवलं. ती माझ्याशी आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य. मग मात्र आम्हा तिघींना असं हसू फुटलं, की रसवंतीवाल्यानं चरक थांबवून पाहिलं. तीन खोल्यांत बसून आम्ही जगाच्या इतिहासात आमची वसाहत घुसवून आलो होतो.

चष्मेवाला हसला नाही. तो पेन्सिल खिशात ठेवत म्हणाला, काकू, तुमचे तिघींचे पेपर एकाच मास्तरच्या हाती गेले तर कॉपी धरतील.

झालंही तसंच. मे महिन्यात निकाल लागला, सगळ्या जिल्ह्याचा लागला, आमचा तिघींचा राखून ठेवला. मग यवतमाळला चौकशीला हजर राहण्याचं पत्र आलं. वसाहतीत ही बातमी नळाच्या पाण्यापेक्षा लवकर पसरली. शेजारणीच्या डोळ्याचं पाणी खळेना. पोरीचे मामा आले. शहाणा माणूस, चार कचेऱ्या पालथ्या घातलेला. त्यांचं म्हणणं असं, की वाद घालू नका, चूक झाली म्हणून लिहून द्या, हातापाया पडा, पोरी लहान आहेत म्हणून पेपर रद्द करून सोडून देतील, जुलैत पुन्हा बसता येईल. त्यांचं बोलणं घरातल्या सगळ्यांना पटलं. आमच्या घरच्यांनाही पटलं. जुलैत बस ना, काय बिघडते, ते म्हणाले.

बिघडत होतं ते माझं. जूनअखेर सेविकाबाई जाणार होत्या. जुलैचा निकाल येईपर्यंत त्या खुर्चीवर बाहेरची कोणीतरी बसलेली असणार होती. पण मी खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला खुर्चीपेक्षा जास्त राग दुसऱ्याच गोष्टीचा आला. न केलेली चोरी कबूल करायची? आणि चोरायला तरी काय होतं त्या पानावर? मी मामांना म्हटलं, भाऊ, तुमचं खरं आहे, पण मी लिहून देणार नाही. पोरींना विचारा. त्या दोघींना विचारलं. मैत्रीण म्हणाली, काकू नाही देत तं मी बी नाही देत. शेजारची नुसती माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. मामांनी हात जोडले आणि चहा न पिताच निघून गेले.

यवतमाळला आम्ही तिघीच गेलो. टेबलापलीकडे दोन साहेब आणि एक मॅडम बसल्या होत्या. मॅडमचे केस पिकलेले, चेहरा कडक. त्यांनी तीन पेपर शेजारी शेजारी ठेवले आणि पेनच्या टोकानं तीन ठिकाणं दाखवली. जगाच्या इतिहासात अठरा नागरी सुविधा कुठून आल्या, त्यांनी विचारलं. आणि तिघींच्या पेपरात एकदमच कशा आल्या? कोणी लिहून पाठवलं होतं?

मी उभी राहिले.  मी सांगितलं, की मॅडम, आम्ही तिघी एकाच वसाहतीच्या. आमच्याकडे वसाहत म्हणजे ज्यांचं गाव धरणात गेलं त्यांची जागा. दुसरी वसाहत आम्ही पाहिलेली नाही. उत्तर चुकलं हे आम्हाला पेपर झाल्यावर पोरांमध्ये जुळवताना कळलं. एका साहेबांनी विचारलं, म्हणजे जुळवाजुळव केली हे कबूल आहे? मी म्हटलं, केली साहेब, रसवंतीवर, पेपर देऊन झाल्यावर. सगळेच करतात. साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. मला वाटलं, संपलं.

मॅडमनी पेन हातात फिरवत शेजारच्या पोरीला विचारलं, अठरापैकी किती मिळाल्या?

अकरा, ती म्हणाली. तिचं वाक्य संपायच्या आत मैत्रीण म्हणाली, अकरा कुठल्या, दहा. हौद बांधला पण त्यात पाणी सोडलंच नाही, तो कसा धरायचा? पोरगी म्हणाली, हौद धरतात, कागदावर आहे. मी त्यांना गप्प करायला गेले आणि माझ्याच तोंडून निघालं, की दोघींचंही चुकलं, स्मशानभूमीला नुसतं शेड आहे, रस्ताच नाही, म्हणजे नऊच. मैत्रीण म्हणाली, काकू, रस्ता वेगळा मोजाचा, शेड वेगळं. मग आमचं तिथंच जुंपलं. कचेरीत उभ्या आहोत हे आम्ही विसरलो. तीन तोंडं, तीन आकडे, आणि एकीचंही दुसरीशी जुळेना.

मॅडमनी पेनचं टोपण लावलं आणि बस म्हणाल्या. तीनही पेपर एकावर एक ठेवले. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, तुमचं उत्तर चूक आहे, हे समजलं ना? याचा एकही मार्क मिळणार नाही.

"मार्क नका देऊ, मॅडम," मी म्हटलं. "निकाल द्या."

निकाल जून सरता सरता आला. त्या टिपेला भोपळा, पण इतिहास निघाला. काठावर निघाला, पण काठावरून निघालेला माणूसही बाहेरच येतो. दोघी पोरींचाही निघाला. सेविकाबाईंनी जाताना खुर्ची पदरानं पुसली आणि मला बसवलं. मी त्या दिवशी पहिली सही केली, ती थोडी वाकडी आली. कढई मात्र नवी मदतनीस येईपर्यंत मीच घासत होते.

पुढच्या वर्षी अंगणवाड्या रंगवायचा आदेश निघाला. घाटंजीचा पेंटर आला, फुलं काढली, फळं काढली, ससा काढला, आणि दारावरच्या मजकुराची चिठ्ठी माझ्यापुढे धरली. त्यावर लिहिलं होतं, अंगणवाडी केंद्र, पुनर्वसन वसाहत क्रमांक दोन. मी चिठ्ठी घेतली, वसाहत आणि नंबर खोडला आणि वर आमच्या जुन्या गावाचं नाव लिहिलं. पेंटर म्हणाला, बाई, बिल अडकेल. मी म्हटलं, अडकलं तर मी सोडवीन, तू लिही. अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका मॅडम तपासणीला आल्या तेव्हा दारातच थबकल्या. हे कोणाच्या परवानगीने, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मॅडम, काय लिहायचं ते लिहून घ्या, खाली माझी सही घ्या. त्यांनी वही उघडली, दाराकडे पाहिलं आणि वही मिटली. त्यांचं माहेर याच धरणाच्या दुसऱ्या काठचं, हे मला नंतर कळलं. त्यांनी काहीच लिहिलं नाही.

शेजारची पोरगी आता यवतमाळला शिकते, इतिहासच घेऊन. दिवाळीला ती घरी आली तशी पिशवी घेऊनच अंगणवाडीपुढे येऊन उभी राहिली. मी आत खिचडी वाढत होते. तिनं दारावरचं गावाचं नाव वाचलं, मग पुन्हा वाचलं, आणि तिथूनच मला हाक मारली.

"काकू, पेपरात हे लिवलं असतं तं तिन्ही मार्क भेटले असते."